एकीचा राजीनामा

कवळ्या बनवण्याच्या त्या कारखान्यात तिला सगळे मेणबाई म्हणत. कारखाना म्हणजे तरी काय, एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला, एक लांबलचक खोली, खिडक्यांलगत कामाची टेबलं आणि माणसं अकरा. शहरातले दंतवैद्य बोळक्या तोंडांची मापं पाठवायचे आणि आठ-दहा दिवसांनी त्या मापाचे दात इथून निघायचे. मेणबाईचं काम गुलाबी मेणात एकेक दात बसवण्याचं. वरून सोपं वाटतं. पण सगळे दात सरळ ओळीत उभे केले की ते शाळेतल्या कवायतीसारखे दिसतात, आणि माणसाचे दात कधी कवायत करत नाहीत. एखादा किंचित वळलेला असतो, एखादा जरा मागे सरकलेला. मेणबाई दंतवैद्यांकडून म्हाताऱ्यांचे तरुणपणीचे फोटो मागवायची, भिंगाखाली बघायची आणि मगच मेणाला हात लावायची. तिने बसवलेले दात घालून गेलेल्या माणसाला घरचे पुन्हा ओळखायला लागतात, असं मास्तर म्हणत. तिच्या सासूबाईंच्या तोंडातही तिचेच दात होते. "सुनेने दिलेल्या दातांनी सुनेलाच चावते," असं नवरा आईला चिडवायचा, आणि सासूबाई तेच दात दाखवून हसायच्या.

मास्तर म्हणजे प्लॅस्टर कालवणारे. माप आलं की त्यात प्लॅस्टर ओतून हिरड्यांचा साचा काढायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. जुन्या मालकांना प्लॅस्टर कालवायला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून मास्तर.

आणि मेणबाईच्या शेजारच्या टेबलावर वहिनी. तयार कवळी घासून, पॉलिश करून आरशासारखी करायची, ते काम वहिनीचं. तिचा नवरा आधी याच खोलीत होता, त्याला सगळे दादा म्हणायचे. दादा एक दिवस दुसऱ्या शहरात काम बघतो म्हणून गेला तो गेलाच. वहिनी मात्र वहिनीच राहिली. दोन पोरी पदरात, हातात कसलं कसब नाही. तेव्हा मेणबाईने जुन्या मालकांची पाठ धरली. चार महिने जेवणाच्या सुटीत स्वतः पॉलिशच्या चाकाशी उभी राहून तिला शिकवलं आणि मग तिला नोकरीला लावून घेतलं. धाकटी पोरगी न्यूमोनियाने दवाखान्यात होती तेव्हा मेणबाई पाच दिवस तिच्या उशाशी बसली होती. आठ वर्षं दोघी एकमेकींच्या डब्यातलं खात होत्या. मेणबाईला सख्खी बहीण नव्हती, आणि ती उणीव तिला आठ वर्षांत एकदाही जाणवली नव्हती.

पुढे जुने मालक थकले आणि त्यांनी कारखाना भाच्याच्या हवाली केला. भाच्याला दातांबद्दल माहिती म्हणजे स्वतःच्या तोंडात होती तेवढीच. त्याने एक व्यवस्थापक आणून बसवला. पहिल्याच दिवशी तो हातात घड्याळ घेऊन मेणबाईच्या मागे उभा राहिला आणि एक दात बसवायला किती वेळ लागतो ते लिहून घेतलं. दुपारपर्यंत त्याचं नाव पडलं होतं, मिनिटकाटा.

मिनिटकाट्याने आल्या आल्या फोटो मागवणं बंद केलं. रुग्णांची नावं गेली, नंबर आले. कामाच्या वेळेत बोलायचं नाही. बाथरूमला जाताना आणि येताना वहीत वेळ टाकायची. दोन तासांचं मेणकाम चाळीस मिनिटांत झालं पाहिजे. या सगळ्याचा त्रास होता, पण मेणबाईला खरा घोर लागला तो हौदाच्या वेळेचा. मेणाच्या जागी साच्यात हिरड्यांचा गुलाबी मसाला भरला की तो साचा गरम पाण्याच्या हौदात ठेवतात. पाणी हळूहळू तापवायचं, तीन तास जाऊ द्यायचे आणि मग निवूही हळूहळूच द्यायचं. घाई केली तर मसाला आत कच्चा राहतो आणि घालणाऱ्याच्या हिरड्या जाळतो. मिनिटकाट्याने तीन तासांची पन्नास मिनिटं केली. कवळ्या परत येऊ लागल्या, तोंडात फोड आल्याच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. त्यावर त्याने उपाय काढला, दाराशी एक फलक लावला. वर लिहिलं, 'या आठवड्याची चूक', आणि खाली ज्याच्या हातून कवळी गेली त्याचा फोटो.

एका सोमवारी त्या फलकावर मास्तर लागले. साच्याला चीर गेली होती. मिनिटकाट्याने त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं, फुटका साचा हातात दिला आणि फोटो काढला. फोटो काढताना हसायचं असतं, या जुन्या सवयीने मास्तर हसले. तो हसरा फोटो आठवडाभर दाराशी होता आणि येता-जाता मेणबाईला खाली बघून चालावं लागायचं.

त्याच आठवड्यात जिन्यावर चहा पिताना वहिनीने विषय काढला. ती म्हणाली की आपण तिघंच या खोलीचे खांब आहोत. प्लॅस्टर, मेण आणि पॉलिश. तिघं एकदम निघालो तर याला कुलूप लावावं लागेल. मग भाचा तरी जागा होईल, नाहीतर आपल्याला कामाला काय तोटा, शहरात दंतवैद्य उदंड आहेत. मास्तर चहा फुंकत राहिले. मेणबाई नाही म्हणाली. अकरा वर्षं झाली होती, हाताला त्या टेबलाची उंची बसली होती. शिवाय करारात एक महिन्याची आगाऊ सूचना लिहिली होती. पण वहिनी रोज थोडं थोडं बोलत राहिली. मास्तरांच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "पुढच्या वेळी तिथे तू असशील. हसशील का रडशील?"

ती गोष्ट मेणबाईला लागली. ती तयार झाली.

रविवारी दुपारी तिघं मेणबाईच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसले. वहिनीचं अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखं, म्हणून तीनही पत्रं तिनेच लिहिली. मजकूर एकच. कामाची पद्धत पटत नसल्याने राजीनामा देत आहे, आजपासून सात दिवसांनी काम थांबवीन. महिन्याऐवजी सातच दिवस, ही कल्पनाही वहिनीचीच. महिना दिला तर तो नवी माणसं तयार करून घेईल, म्हणाली. सासूबाई कोपऱ्यात भाजी निवडत होत्या. त्यांना कमी ऐकू यायचं, पण दिसायचं सगळं. तीन कागद बघून त्या म्हणाल्या, "तिघांचं म्हणणं एकच आहे तर पत्र एकच लिहा की. खाली तीन सह्या करा."

वहिनी हसली आणि त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाली, "नियमात बसत नाही हो, मावशी."

सही करायच्या आधी मेणबाईने पत्र पुन्हा वाचायला घेतलं. वहिनीने तिच्या मनगटावर हात ठेवला. "अगं, तिघं जातोय. एकटी कोण आहे?"

मेणबाईने सही केली. मास्तरांनी आपलं पत्र घडी करून खिशात घातलं आणि ते आणि वहिनी एकाच वाटेने घरी गेले.

सोमवारी मेणबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी पोहोचली. बरोबर नऊला तिने मिनिटकाट्यासमोर पत्र ठेवलं. तो आरडाओरडा करील, करारातलं कलम काढून दाखवील, अशी मनाची तयारी तिने रात्रभर केली होती. त्याने पत्र एकदा वाचलं, वर तारीख टाकली आणि म्हणाला, "ठीक आहे." महिन्याचं नाव नाही, कारण विचारणं नाही. मेणबाई बाहेर आली तेव्हा तिला जिंकल्यासारखं वाटायच्या ऐवजी जिन्याची एक पायरी चुकल्यासारखं वाटलं.

मास्तर आले आणि खाली मान घालून थेट प्लॅस्टरच्या पिंपाकडे गेले. तिने जवळ जाऊन हळूच विचारलं. बायकोने पत्र फाडून टाकलं, दोन वर्षं कशीही काढा म्हणाली, असं ते पिंपाकडे बघतच बोलले. मेणबाईला वाईट वाटलं, पण रागावता आलं नाही. माणूस वयाने थकलेला, त्याने तरी किती ताणायचं.

वहिनी अकराला आली. मोठीला ताप होता, गडबडीत पत्र घरीच राहिलं, उद्या देते, म्हणाली. मंगळवारी म्हणाली की साहेब दिवसभर बाहेर आहेत. बुधवारी सकाळी मिनिटकाट्याने सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं की मेणकाम आणि पॉलिश हे दोन्ही विभाग एक केले असून वहिनी त्यांच्या प्रमुख असतील. वहिनी त्याच्या शेजारी उभी होती. तिच्या अंगावर नवा पांढरा कोट होता. तिला तो खांद्यात सैल होत होता.

जेवणाच्या सुटीत ती मेणबाईकडे आली आणि रडायला लागली. काल संध्याकाळी बोलावून घेतलं, आत्ताच्या आत्ता हो म्हण म्हणाले, पोरींची तोंडं डोळ्यांसमोर आली, नाही म्हणता आलं नाही, मला माफ कर. मेणबाईने तिला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवला. जाऊ दे गं, म्हणाली, तुझी परिस्थिती मला माहीत नाही का. मी कुठेही काम शोधीन. उलट तू वर गेलीस तर इथल्या बाकीच्यांना बरे दिवस येतील. आणि तिने आपल्या डब्यातला निम्मा भाग तिच्या झाकणावर काढून दिला. वहिनीने तो खाल्ला.

ही गोष्ट पुढे आठवली की मेणबाईला बाकी कशाहीपेक्षा तो डबा जास्त डाचायचा.

गुरुवारी दुपारी तिला वरच्या मजल्यावर कचेरीत बोलावलं. हत्यारं परत करायच्या कागदांवर सही हवी होती. तिथला कारकून भला माणूस होता आणि नेहमी घाईत असायचा. त्याने कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला, जिथे फुल्या आहेत तिथे सह्या करा म्हणाला आणि फोन घ्यायला आत गेला. ती सह्या करत गेली. चौथा कागद तिचा नव्हता. चुकून मध्ये आलेला. पुढच्या महिन्यात कोण कुठल्या टेबलावर बसणार, त्याचा तक्ता होता. प्रत्येक चौकोनात एकेकाचं काम लिहिलेलं. वहिनीच्या चौकोनात 'विभागप्रमुख, मेणकाम व पॉलिश'. शेजारचा चौकोन मेणबाईचा. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'राजीनामा अपेक्षित, सोमवार'.

तक्त्याच्या तळाशी तारीख होती. शुक्रवारची.

तिने ती तारीख तीन वेळा वाचली. शुक्रवार म्हणजे पत्रं लिहिली त्या रविवारच्या आधीचा शुक्रवार. म्हणजे वहिनी टेबलाशी बसून चहा पीत होती, मजकूर सुचवत होती, मनगटावर हात ठेवत होती, तेव्हा तिचा चौकोन वर ठरलेला होता. आणि अकरा वर्षांच्या माणसाला काढायचं तर कारणं द्यावी लागतात, तीन महिने लागतात, भाच्याला उत्तर द्यावं लागतं. माणसाने स्वतःच्या हाताने पत्र आणून दिलं की कशाचीच गरज राहत नाही.

कारकून परत आला तेव्हा त्याने तो कागद तिच्या हातात पाहिला आणि पटकन काढून घेतला. तिने उरलेल्या सह्या केल्या आणि खाली येऊन आपल्या जागी बसली. शेजारच्या टेबलावर पॉलिशचं चाक फिरत होतं. तिच्या समोरच्या साच्यात वरचे सहा दात बसवून झाले होते. सातवा तिने उचलला, पण तो कुठल्या बाजूचा आहे ते तिला कळेना. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी तिने घरी सगळं सांगितलं. नवरा ऐकून उठून उभाच राहिला. पत्र परत घे म्हणाला. मंजूर केल्याचं लेखी कुठे दिलंय त्याने? सोमवारपर्यंत तू नोकरीतच आहेस. घे परत आणि बस तिथेच, दोघांच्या छातीवर. त्याचं चुकीचं नव्हतं. तिनेही तो विचार सगळी वाट केला होता.

"परत घेतलं तर परत तिच्याच शेजारी बसायचं," ती म्हणाली. "त्याचा जाच मी सहन केला असता रे. दोन वर्षं केलाच. पण तिथे जाताना मला बरं वाटायचं ते तिच्यामुळे. आता कशासाठी जाऊ?"

सासूबाईंना अर्धंमुर्धं ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "ज्या घरात आपलं माणूस नाही, तिथे पाहुण्यासारखंही राहू नये."

शुक्रवारी सकाळी मेणबाई मिनिटकाट्याकडे गेली आणि सोमवारऐवजी आजचा दिवस शेवटचा, असं सांगितलं. तो म्हणाला की पत्रात सात दिवस लिहिलेत. ती म्हणाली की करारात तीस लिहिलेत, म्हणजे आपण दोघंही कागदाला धरून नाही. मग त्याला हेही सांगितलं की एक काम अर्धं आहे, ते पूर्ण करून जाईन. आणि ते माझ्या वेळेने होईल, तुमच्या नाही.

ते काम म्हणजे चारशे सतरा नंबर. एक निवृत्त शिक्षिका होत्या. हे मेणबाईला माहीत असायचं कारण नव्हतं, पण तिने चोरून दंतवैद्याला फोन करून विचारलं होतं. त्यांची आधीची कवळी दोनदा परत आली होती. 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची आणि हिरड्यांना फोड आले होते. आता त्या घराबाहेर पडत नव्हत्या, बोलत नव्हत्या. मेणबाईने पुढचे दोन दात कणभर आत घेतले, मेण गुळगुळीत केलं, मास्तरांकडून साचा भरून घेतला आणि हौदाच्या गार पाण्यात ठेवला. मग एक स्टूल ओढून ती हौदाशी बसली. पाणी तापायला ठेवलं आणि हात मांडीवर घेतले.

पन्नास मिनिटांनी मिनिटकाटा आला आणि साचा काढायला सांगितलं. ती म्हणाली, "तीन तास." त्याने घड्याळ दाखवलं. ती म्हणाली, "बघितलं. तीन तास." तो जरा वेळ उभा राहिला. कामावरून काढीन असं म्हणण्याची त्याला सवय होती, आणि आज ते म्हणता येत नव्हतं. खोलीत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. तो निघून गेला.

मास्तर आले. बराच वेळ हौदातल्या वाफेकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी न विचारता सांगितलं. रविवारी घरी जाताना वाटेत वहिनीने सांगितलं होतं, तुम्ही पत्र देऊ नका, तुमची दोन वर्षं मी बोलून ठेवलीत. तेव्हाच सगळं उमगलं होतं. बायकोने पत्र फाडलं वगैरे खोटं. पत्र अजून घरी कपाटात आहे.

"मी फोन हातात घेतला होता," ते म्हणाले. "तुझा नंबर काढला होता."

"मग?"

"मग ठेवला."

मेणबाईने मान हलवली. त्यांच्यावर ओरडावंसं तिला वाटलं नाही. तिला फक्त तो हसरा फोटो आठवला, आणि त्या फोटोसाठी आपण सही केली होती, हेही. मास्तर आपल्या पिंपाकडे परत गेले.

वहिनी आली ती दोन तास उलटल्यावर. पांढरा कोट काढून आली होती. कारकुनाने तिला सांगितलं असावं. ती हौदाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. आज ती रडत नव्हती.

"तक्ता बघितलास," ती म्हणाली.

"बघितला."

वहिनीने सांगितलं ते असं. महिन्यापूर्वी मिनिटकाट्याने तिला वर बोलावलं होतं. दोन टेबलांचं एक करायचंय, दोघींपैकी एकच राहील, म्हणाला. मेणबाईचा हात चांगला, पण तिला वेळ लागतो आणि ती उलटून बोलते. तुला ठेवीन, पण तिला मी काढलं तर भाचा प्रश्न विचारील, जुने मालक मध्ये पडतील. ती आपण होऊन गेली तर बरं. एवढंच म्हणाला. बाकीचं सगळं वहिनीने केलं.

"तुला कुठेही काम मिळेल," वहिनी म्हणाली. "तुझ्या हातात विद्या आहे. मी चाक फिरवते. चाक कुणीही फिरवतं."

"मला सांगायचं होतंस."

वहिनीने हौदाच्या कडेवरचा पाण्याचा थेंब बोटाने पुसला.

"सांगितलं असतंस की, दोघींपैकी एकच राहणार आहे. मी गेले असते. तुझ्यासाठी गेले असते. माहीत नव्हतं तुला?"

"माहीत होतं," वहिनी म्हणाली. "म्हणून तर नाही सांगितलं."

मेणबाईला आधी कळलंच नाही. वहिनी हौदातल्या पाण्याकडे बघत बोलत राहिली. तिचा आवाज शांत होता, जणू मनात पुष्कळदा बोलून झालं होतं. "नोकरी तू लावलीस. काम तू शिकवलंस. पोरीच्या उशाशी तू बसलीस. आठ वर्षं मी तुझ्याच डब्यातलं खाल्लं. आता तू माझ्यासाठी नोकरीही सोडली असतीस आणि वर हसून म्हणाली असतीस, जाऊ दे गं. मग मी जन्मभर काय करायचं होतं? एकदा तरी मला तुझ्या उपकारावाचून काहीतरी मिळवायचं होतं."

"हे मिळवलंस?"

"हो. हे मी मिळवलं. वाईट मार्गाने मिळवलं, पण मी मिळवलं."

हौदातलं पाणी बारीक बुडबुडत होतं. मेणबाईला वाटलं होतं, ही माफी मागेल, गयावया करील आणि मग आपल्याला राग काढता येईल. तिने मनात शब्दही जुळवून ठेवले होते. विश्वासघातकी, कृतघ्न, केसाने गळा कापणारी. पण समोर उभी असलेली बाई तिच्या ओळखीचीच नव्हती, आणि अनोळखी माणसाला शिव्या तरी कशा द्यायच्या. आठ वर्षं ही आपल्या प्रत्येक घासाची मनात नोंद ठेवत होती. आणि आपण समजत होतो, आपण बहिणी आहोत.

"बुधवारी रडलीस ते?" तिने विचारलं.

"ते खरं होतं," वहिनी म्हणाली.

"ते तरी खोटं असायला हवं होतं."

तीन तास झाले तेव्हा मेणबाईने आच बंद केली आणि साचा पाण्यातच निवू दिला. वहिनी मध्येच केव्हा तरी निघून गेली होती. साचा फोडून, मसाल्याच्या कडा घासून तिने कवळी बाहेर काढली. नेहमी ती शेजारच्या टेबलावर पॉलिशला जायची. मेणबाई उठून स्वतः चाकाशी गेली आणि आठ वर्षांनी पहिल्यांदा तिने आपल्या हाताने पॉलिश केलं. आतून बोट फिरवून पाहिलं. कुठे खरबरीत नव्हतं. डबीत घालून वर नंबर लिहिला आणि नंबरखाली, नियम मोडून, 'बाई' असं लिहिलं.

निघताना तिने फक्त डबा आणि भिंग घेतलं. मिनिटकाटा आपल्या काचेच्या खोलीत होता. त्याने वर बघितलं नाही आणि तिनेही नाही. खाली रस्त्यावर उन्हं होती आणि माणसं नेहमीसारखी चालली होती. भर दिवसा कामावरून घरी जायची तिला सवय नव्हती. दोन थांबे ती चालत गेली आणि मग तिला आठवलं की बस पकडायची राहिली.

काम तिला तीन आठवड्यांत मिळालं. एक वयस्क दंतवैद्य होत्या, त्यांच्या दवाखान्यामागे एक छोटी खोली होती, तिथे त्यांना आपल्याच रुग्णांसाठी कुणीतरी हवं होतं. इथे फोटो मागवावे लागत नव्हते, माणसंच समोर येऊन बसायची. करारपत्र करताना त्यांनी विचारलं की सोडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं, महिना लिहू का? मेणबाई म्हणाली, काहीच लिहू नका. ज्या दिवशी माझ्याबद्दल काही ठरेल, त्या दिवशी मला सांगा. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि ती ओळ कोरी सोडली.

काम चांगलं होतं. तरी पहिले दोन महिने ती जेवणाच्या वेळी डबा उघडून बसायची आणि निम्मं झाकणावर काढायची. मग परत आत टाकायची. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, दुसरं टेबल टाकू का, हाताखाली कुणी घ्या, शिकवा. मेणबाई म्हणाली, नको, खोली लहान आहे. खोली लहान नव्हती. कुणी जरा गोड बोललं की हल्ली तिला त्या बोलण्यामागची तारीख बघावीशी वाटायची. नवऱ्याने वाढदिवसाला घड्याळ आणलं तर तिने विचारलं, "हे आज का?" त्याने कॅलेंडरकडे बोट दाखवलं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

मास्तर एकदा रस्त्यात भेटले. त्यांनी सांगितलं की वहिनीचं बरं चाललंय. फलक काढायला लावला तिने. हौदाची वेळही दोन तासांवर आणली. मिनिटकाटा तिच्याशी जरा जपूनच बोलतो. वहिनीचं वाटोळं झालं असतं तर मेणबाईला कदाचित सोपं गेलं असतं. ते झालं नव्हतं, आणि तिथल्या माणसांना खरोखरच बरे दिवस आले होते, आणि हे सगळं त्या बुधवारी डबा वाढताना ती स्वतःच बोलली होती. तिने मास्तरांना त्यांचा गुडघा कसा आहे ते विचारलं. ते म्हणाले, दुखतो. निरोप काही द्यायचाय का, त्यांनी विचारलं. तिने नाही म्हटलं.

चारशे सतरा नंबरच्या बाईंना ती कवळी बसली का, हे तिला कधीच कळलं नाही.

मास्तर भेटले त्या दिवशी घरी येऊन ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली आणि अचानक तिला रडू फुटलं. इतके दिवस आलं नव्हतं. सासूबाई भिंत धरत धरत आल्या, समोर बसल्या आणि तिच्या हातावर हात ठेवून मोठ्याने, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, विचारलं, "कोण गेलं गं?"

मेणबाई डोळे पुसत म्हणाली, "मैत्रीण."

"कधी?"

तिने बोटांवर मोजून पाहिलं. नेमका दिवस सांगता येईना. ते आठ वर्षांपूर्वीच झालं होतं, का त्या शुक्रवारी, का हौदाशी.

"माहीत नाही, आई," ती म्हणाली. सासूबाईंना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्या तिच्यापाशी बसून राहिल्या.